जामसांवलीला सायकलवरून

सौंसरला गियरची जुनी सायकल विकत घेतली, तेव्हा नवरा म्हणाला, "जामसांवलीच्या देवळाशी सीटवर बसून आली त ठेव. ढकलत आली त भंगारात."

पहिल्याच चढावर उतरून ढकलत चालले. पायी दर्शनाला निघालेल्या दोन आज्या सोबतीला आल्या.

"सायकल असून पायी? नवस हाय का, बाई?"

"नाही आजी, चढ हाय."

"मंग आमच्या पिशव्या टांग हँडलले."

चढ संपल्यावर धडपडत एकदाची सीटवर बसले आणि सायकल धावू लागली. मागून ओरड आली, "ओ बाई, आमचे नारळ!"

थांबले असते, तर पुन्हा बसणं जमलं नसतं. "देवळाशी देतो!" ओरडून पायडल मारत राहिले.

नवरा आधीच येऊन देवळाच्या फाटकाशी उभा होता. "दुकान टाकून राहिली का?"

सायकल राहिली. आज्या येईपर्यंत नारळ सांभाळत मीही तिथेच राहिले.