पंचवीसची सरासरी

पौडला मी राहायला गेले ते २००६ साली. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरी लागली होती, आणि कंपनीची बस पौडच्या एसटी स्टँडसमोरूनच सुटायची. मी परभणीकडची. आमच्याकडचा रस्ता म्हणजे नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. शाळा, कॉलेज सगळं सायकलवर केलेलं, पण चढ म्हणजे काय चीज असते हे मला मुळशीत आल्यावर कळलं.

ज्या घरात खोली घेतली तिथल्या घरमालकीणबाई पंचेचाळिशीच्या होत्या. मी त्यांना काकू म्हणायची. मुलगी लग्न होऊन पिंपरीला गेलेली, घरात त्या आणि काका दोघंच. थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि घराच्या बाजूला काढलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. त्यातली एक माझी.

आमच्या कंपनीत सायकल चालवणाऱ्यांचा एक गट होता. दर रविवारी सकाळी सहाला पिरंगुटच्या चौकात जमायचं आणि पौड, मालेवरून मुळशी धरणापर्यंत जाऊन परत यायचं. त्या गटातल्या एकाने नवी सायकल घेतली म्हणून त्याची जुनी, वाकड्या हँडलची, मी विकत घेतली. तिला मीटर होता. आत्ताचा वेग, कापलेलं अंतर आणि सरासरी, तिन्ही त्यावर दिसायची. मग मला कळलं की गटात दोन जाती आहेत. एक पंचवीसवाले, म्हणजे जाऊन-येऊन ताशी पंचवीसची सरासरी टिकवणारे, आणि दुसरे गप्पावाले. गप्पावाल्यांना सगळे प्रेमाने वागवत, पण त्यांच्यासाठी कुणी थांबत नसे.

पहिल्या रविवारी मालेच्या अलीकडच्या चढावर सगळे मला सोडून गेले. मी एकटीच धरणाला जाऊन एकटीच परत आले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"तुझी मान्सं तर मगाशीच गेली की पुण्याकडं. तू मागं कशी?"

मी त्यांना मीटर दाखवला. अठरा पॉइंट काहीतरी. सरासरी म्हणजे काय ते सांगायला लागले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"त्ये आकडं ऱ्हाऊ दे. एका तासात हितनं कुटवर जातीस ते सांग."

मी हिशेब केला. "मालेला जाऊन जवळजवळ परत."

"आन् पंचवीस म्हंजी?"

"मालेला जाऊन, परत येऊन, वर चहा पिऊन."

त्या हसल्या. "मग चांगलंच हाय की. माझं म्हायेर हाय मालेला."

त्या दिवशी मला कळलं की काकू आठवीपासून तीन वर्षं मालेहून पौडच्या शाळेत सायकलने यायच्या. वडिलांची मोठी सायकल. सुरुवातीला सीटवर बसून पाय पुरत नव्हते, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवायच्या. दहावी झाली, लग्न झालं, सायकल सुटली. पण रस्ता त्यांना पाठ होता. कुठला चढ दिसायला छोटा पण दम काढणारा, कुठल्या वळणानंतर आपोआप गाडी सुटते, सगळं. ऐन चढात जोर लावून मी उरलेल्या रस्त्यावर मरायची, तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "चढ आला की दम खात जा. वर गेल्यावर पळ, तितं सगळी आळस करत्यात." आणि वाऱ्याचं सांगितलं. "उनं तापली की धरणाकडनं वारं सुटतंय. त्याच्या आधी जाऊन ये. येताना त्ये पाठीला बसंल."

गटातले एक पन्नाशीचे इंजिनियर मला सराव आखून देत. मंगळवारी चढ, गुरुवारी लांब आणि सावकाश, शनिवारी विश्रांती. मी ते पाळायची, पण खरं सांगायचं तर माझी सरासरी अठरावरून एकवीसवर आली ती काकूंच्या बोलण्याने. कारखान्यातून आले की त्या विचारायच्या, "आज कुटवर?" मी गावं सांगायची, आकडे नाही.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी गोठ्यामागून मुलीची शाळेतली सायकल बाहेर काढली. चाकं गंजलेली, ट्यूब कुजलेल्या. "मी येऊ का गं तुझ्यासंगं?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की आधी मला ऐकूच आलं नाही. मी दुकानातून ट्यूब बदलून आणल्या. काका जोत्यावर बसून बघत होते. मला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. ते उठले, पाना घेतला आणि म्हणाले, "आदी ब्रेक बगा." ब्रेक त्यांनीच आवळून दिले.

मंगळवार आणि गुरुवार आम्ही दोघी पहाटे उजाडता उजाडता निघायचो. काकू मुलीचा पंजाबी ड्रेस घालायच्या आणि गावाबाहेर पडेपर्यंत डोक्यावरून ओढणी घ्यायच्या. पहिल्या दिवशी सायकल रस्ताभर नागमोडी. त्या घाबरून ओरडायच्या आणि त्याच दमात हसायच्या. आठवड्याभरात हात बसला. भाताच्या रिकाम्या खाचरांवर धुकं असायचं, समोरून कोळवणकडची पहिली जीप यायची. काकू सगळा रस्ता बोलत. इथे मैत्रिणीची चप्पल तुटली होती, इथे मास्तर भेटले की आम्ही उतरून चालत जायचो. ओढ्यावरच्या पुलाशी पोचलो की परतायचं, कारण सातच्या आत दूध डेअरीत घालायचं असे. माझ्या मीटरवर सरासरी अकरा, फार तर बारा.

"एकडाव मालेपत्तुर जायाचं," त्या म्हणायच्या. "आईच्या दारात सायकल लावायची. यष्टीनं तर नेहमीच जाते."

"जाऊया की," मी म्हणायची.

पण माझी रविवारची सरासरी बावीसवर अडून बसली होती. इंजिनियरसाहेबांनी विचारलं तेव्हा मी काकूंचं सांगितलं. ते म्हणाले, "छान आहे ते, पण सराव नाही तो. पायांना हळू चालवायची सवय लागते." मला ते पटलं. की पटवून घेतलं, कोण जाणे.

"काकू, एक महिनाभर थांबूया का?" मी विचारलं. "माझं पंचवीस झालं की आपण मालेला जाऊ."

"थांबू की. तुजं हाय ते कर आदी." त्यांनी सायकल पत्र्याखाली भिंतीला लावली आणि वर गोणपाट टाकलं.

पंचवीस झालं, पावसाळ्याच्या तोंडावर. त्या रविवारचं मला फक्त पुढच्या सायकलचं मागचं चाक आठवतं. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा लागत नाही, पण मग नजर त्या चाकावरून हलवता येत नाही. डोंगर, धरण, माले, काहीच पाहिलं नाही. पिरंगुटला मीटर पंचवीसच्या थोडा वर होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पौडला उडत आले, तर काकू कोळवणला एका हळदीला गेलेल्या. संध्याकाळी सांगितलं.

"आलं का? बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबल्या.

तिथे मी म्हणायला हवं होतं, मग कधी जायचं मालेला? मी म्हणाले, "पुढच्या रविवारी ताम्हिणीला नेणार आहेत मला."

पुढे पाऊस लागला. भातलावणी आली, काकू दिवसदिवस चिखलात. मग मी पंचवीसवाल्यांतली, मला मागे पडून चालणार नव्हतं, म्हणून मंगळवार, गुरुवारही त्यांच्याच सरावाला गेले. २००८ मध्ये लग्न ठरलं, कोथरूडला घर केलं आणि पौड सुटलं.

२०१० मध्ये मुलीच्या बारशाचे पेढे द्यायला म्हणून गेले. काकूंनी बाळाला मांडीवर घेतलं, तिचे पाय दाबून पाहिले. "चालवंल सायकल," म्हणाल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, आपलं मालेला जायचं राहूनच गेलं."

"म्या गेले की," त्या म्हणाल्या.

"कधी?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदी, तू हितंच व्हतीस तवा. रविवारी तू पिरंगुटाला गेलीस, मग म्या निगाले. ह्ये दूध घालतो म्हनले. चढाला उतरून चालले, पन वरनं जी सुटले ती थेट आईच्या दारात. आई म्हनली, कोन मेलं गं, अशी सायकलवर कशापायी आलीस? मंग पान्याचा तांब्या दिला आन् रडाय लागली."

"मला का नाही सांगितलंत?"

काकूंनी बाळाचं टोपडं सारखं केलं. "सांगनार व्हते. पन तुमी समदी माज्या अंगावरनं गेलासा ना, पुलाच्या म्होरं. झूं करून. तू मदी व्हतीस. म्या हाक मारली तुला." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईने म्हणाल्या, "वाऱ्यात ऐकू येत न्हाई गं. ठावं हाय मला."

मी म्हटलं, आता जाऊ, या रविवारीच जाऊ. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गुडघे धरले होते, सायकल नणंदेच्या मुलीला दिली होती, आणि आई मागल्या वर्षी गेली होती.

त्या पावसाळ्यानंतर एकदा बाळाला नवऱ्याकडे ठेवून मी पौडहून एकटीच निघाले. काकूंना सांगितलं नाही. पुलावर थांबले. चढ चालत चढले, त्यांच्यासारखी, आणि वरून सायकल सोडून दिली. भात पिवळा पडायला लागला होता. मालेत शिरले आणि लक्षात आलं की मला ते दार माहीतच नाही. काकूंचं माहेरचं आडनाव दोन वर्षं एका अंगणात राहून मी कधी विचारलं नव्हतं.

रस्त्याकडेला एक म्हातारी शेंगा वाळत घालत होती. तिने विचारलं, "कुनाकडं जायाचंय?"

"एका बाईंचं माहेर बघायचंय. पौडला दिलेल्या आहेत."

"पौडाला तर लई दिल्यात, बाई," ती म्हणाली. "कंची?"

ती वाट बघत उभी राहिली, मग आत जाऊन पाणी घेऊन आली. मी ते उभ्यानेच प्यायले आणि परत फिरले.