साडेसातची सुई

"ते नाव ह्या स्वयंपाकघरात काढायचं न्हाई, अक्का!" सिद्धम्मानं उलथणं परातीत आपटलं. "आंघोळ होऊन लिंगपूजा झालीय माझी. चार वेळा म्हणलाव तुम्ही. चार वेळा!"

"दोनदा," नीलाबाई म्हणाली. "अंडं म्हणलं म्हणून लगेच अंडं घरात आलं का?"

"हे घ्या, तिसऱ्यांदा!"

"म्हणजे आधी दोनदाच झालं होतं."

सिद्धम्माचा नवरा, नीलाबाईचा धाकटा भाऊ वीरण्णा ओसरीवर पेपर वाचत बसला होता. बायकांच्या भांडणात पडायचं नाही हा त्याचा नियम, पण आज त्याला राहवलं नाही. "मला दहा वर्षं झाली शुगर होऊन. एका गोळीवर भागवून राहिलोय. आन् मांजराला रोज दोन इंजेक्शनं? ह्या घरात इज्जत कुणाची जास्ती, ते आज कळालं."

"तू गोळी खाऊन वरून तीन पुरणपोळ्या खातूस. मांजर तसलं न्हाई," नीलाबाई म्हणाली आणि हातातली पिशवी तिनं खाली ठेवली. पिशवीत औषधाची बाटली, बारीक सुयांचं पाकीट आणि पत्र्याच्या डब्यात बर्फ होता. दुसऱ्या हातात टोपली, तिच्यात गुंडी मांजर. टोपलीला जुनं लुगडं बांधलेलं. भांडणाचं मूळ टोपलीत गप पडून होतं.

गुंडी वीरण्णाच्याच आडत दुकानातली. सहा वर्षांपूर्वी पोत्यांच्या थप्पीमागं मांजरी व्याली, त्यातलं हे एक पिलू नीलाबाईनं पदरात घालून आणलं. गोल होतं म्हणून गुंडी. जेवायला आलेल्या जंगम स्वामींच्या ताटाला केलेली गव्हाची खीर, दूधभाकरी, सायभात, जे घरात शिजलं ते तिनं खाल्लं. लिंगायताचं मांजर, ते शाकाहारीच. माळवदावर कधी उंदीर धरत असेल, तर तो तिचा आणि शिवाचा प्रश्न.

आजार कळला तो पाण्यामुळं. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि देशभरच्या पेपरात त्याचे फोटो येत होते. उदगीरला टँकर यायचा, आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी. घरात माणशी एक बादली. पिण्याच्या घागरी मोजून. अशा दिवसांत कोण किती पाणी पितं हे न सांगता कळतं. गुंडीची वाटी दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. मग दुसरी. मग ती न्हाणीतल्या ओल्या फरशीला चाटताना दिसली. राखेच्या घमेल्यात लघवीनं भिजलेले गोळेच्या गोळे. आणि एवढं खाऊन-पिऊन अंगावर काही नाही. पाठीचा कणा हाताला लागायला लागला, मागचे पाय टाचेवर टेकवून चालायला लागली, म्हातारीसारखी. नीलाबाई तिला घेऊन जनावरांच्या कॉलेजात गेली. तिथं म्हशींच्या रांगेत दीड तास बसली.

तिथल्या डॉक्टरणीनं कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, शुगर आहे म्हणाली आणि दोन गोष्टी सांगितल्या. दूध, भाकरी, खीर बंद. अंडं, मांस सुरू. आणि सकाळ-संध्याकाळ साडेसातला मानेच्या कातड्याखाली सुईवरच्या दोन रेघांएवढं इन्शुलिन. "पण आधी खाणं, मग सुई," डॉक्टरीण म्हणाली. "खाल्लं नाही तर सुई नाही. पोट रिकामं असताना सुई दिली तर शुगर एकदम उतरते, मांजर जातं. हातपाय लटपटायला लागले तर हिरड्यांना मध चोळायचा. लिहून देऊ?"

"लिहू नका. माझ्या ध्यानात राहतं," नीलाबाई म्हणाली होती.

राहायचंच. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं दुसरं काय केलं होतं? सोळाव्या वर्षी मुखेडला दिली, एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत ह्या घरी आली. तेव्हापासून चूल तिच्याकडं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा वडिलांच्या ओसरीवर जमलेल्या माणसांना चहा तिनंच केला होता. आता वीरण्णा उदगीर जिल्हा मागणाऱ्या समितीत होता, आणि त्या माणसांनाही चहा तीच करत होती. जिल्हे बदलत होते, आधण तेच होतं. भावाच्या घरात तिचं म्हणून काही नव्हतं, एक गोष्ट सोडून. महिन्यातून एका सोमवारी मठाचे सिद्धलिंग स्वामी जेवायला यायचे आणि त्यांचा स्वयंपाक नीलाबाईच्या हातचाच लागायचा. "नीलाक्काची खीर," स्वामी म्हणायचे. त्या दिवशी सिद्धम्मा तिच्या हाताखाली असायची. उरलेले एकोणतीस दिवस उलटं.

अंड्याचा तंटा शेवटी भिंतीवर मिटला. मागच्या भिंतीपलीकडं जैतुनबी राहायची. ती सकाळ-संध्याकाळ अंडं उकडून, सोलून, कागदावर कुस्करून भिंतीवर ठेवायची आणि हाक द्यायची, "नीलाक्का, बिल्लीकू भेजो!" नीलाबाई गुंडीला उचलून भिंतीवर ठेवायची. अंडं घरात येत नव्हतं, मांजर घराबाहेर जात नव्हतं. गुंडी खाऊन व्हायची, मग तिथंच मानेची कातडी चिमटीत धरून दोन रेघा. पहिल्या दिवशी सुई आरपार जाऊन औषध केसांवरच सांडलं. पंधरा दिवसांत हात बसला. तीन आठवड्यांत वाटी दुपारपर्यंत पुरायला लागली. गुंडीनं एकदा ओसरीवरून उडी मारली, ती वीरण्णाच्या पेपरावर. "आली बघा पेशंट," तो म्हणाला, पण पेपर ओढून घेतला नाही.

मग स्वामींचा सोमवार आला.

त्या घरात नेम होता: स्वामी जेवल्याशिवाय घरातल्या कुणाच्या तोंडात काही जायचं नाही. लेकरापासून गुरापर्यंत. नीलाबाईच्या आईनं घातलेला नेम, नीलाबाईनं पाळलेला. शिवाय मागच्या पडवीतच पाट मांडायचे असल्यामुळं भिंत समोर दिसायची. सिद्धम्मानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "स्वामी जाईपर्यंत भिंतीवर काही नको, अक्का. एवढं तरी बघा." नीलाबाईनं जैतुनबीला निरोप दिला. स्वामी आठला येतात, साडेआठला जेवून होतात. एक तासाचा फरक. मांजर तेवढं थांबेल.

खरी अडचण आंघोळीची होती. स्वामींचा स्वयंपाक मडीनं करायचा, म्हणजे आंघोळ करून, ओलं नेसून, कशाला न शिवता. मांजराला शिवलं की पुन्हा आंघोळ. आणि बादली एकच. स्वामी गेल्यावरही प्रसाद वाढून चूल आवरेपर्यंत मडी सुटत नसे. म्हणून नीलाबाईनं सगळा हिशेब मनाशी मांडून स्वयंपाकाला लागायच्या आधीच, सहाला, गुंडीला सुई देऊन टाकली. आठला स्वामी येतील, साडेआठला जैतुनबीला हाक मारू. आधी सुई, मग खाणं. डॉक्टरणीनं जे उलटं करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच. सुई देताना तिला ते आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. पण पाणी एकच बादली होतं.

स्वामी आठला आले नाहीत. साडेआठला नाहीत. पावणेनऊला वीरण्णाचा फोन आला. तो पहाटेच समितीच्या माणसांबरोबर बाहेर पडला होता. त्या दिवशी जिल्ह्यासाठी रास्ता रोको होता. "देगलूर रोड बंद केलाय आम्ही," तो सांगत होता. "स्वामींची जीप पलीकडं अडकलीय. नऊपर्यंत सोडतेत. थांबा जरा."

"भावानंच अडवलं की स्वामींना," सिद्धम्मा म्हणाली आणि हसली. नीलाबाई हसली नाही. मडीचं लुगडं नेसून ती चुलीपुढं बसली होती. खीर झाली होती, भात झाला होता, शेंगांची आमटी झाली होती. दारातून तिला पडवीच्या कोपऱ्यात गुंडी दिसत होती. गुंडी एकदा उठली, वासाकडं तोंड करून ओरडली, आणि परत बसली.

साडेनऊला नीलाबाई म्हणाली, "सिद्धम्मा, तू तरी हिला थोडं घाल ग. दूधभात तर दूधभात, घाल चमचाभर."

"नैवेद्य न दाखवता?"

"थोडंसं. डॉक्टरणीनं सांगितलंय, उपाशी ठेवायचं न्हाई."

सिद्धम्मा शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "दत्ता पोटात होता माझ्या, सातवा महिना. स्वामींना यायला दीड वाजला. मला चक्कर येऊन मी ह्याच उंबऱ्यावर पडले. एक घोट दूध मागितलं, तर तुम्ही काय म्हणलाव? ध्यानात हाय का?"

नीलाबाईच्या ध्यानात होतं. ती म्हणाली होती, नेम म्हणजे नेम.

"मग मांजराला येगळा नेम का?" सिद्धम्मा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तीस वर्षं तिनं हे कुठं ठेवलं होतं कुणास ठाऊक.

नीलाबाई परत चुलीकडं वळली. ती उठू शकत होती. दूध हाताच्या अंतरावर होतं. शिवलं असतं, मडी मोडली असती, सिद्धम्मानं सबंध गल्लीला सांगितलं असतं, आणि ज्या एका दिवशी ह्या घरात तिच्या शब्दाला वजन होतं तो दिवस गेला असता. हे सगळं तिनं शब्दांत मांडलं नाही. ती बसून राहिली, एवढंच. दहा वाजले. सव्वादहा.

साडेदहाला गुंडी उठली आणि पडली. पुन्हा उठली, भिंतीला टेकत दोन पावलं गेली, मान एका बाजूला वळली आणि तिचे चारी पाय ताठ होऊन फरशीवर घासायला लागले. तोंडाला फेस.

नीलाबाई कशी उठली ते तिला नंतर सांगता आलं नाही. नैवेद्याच्या ताटात पंचामृतासाठी मधाची वाटी होती. न दाखवलेल्या ताटातली ती वाटी तिनं उचलली, फरशीवर बसून गुंडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोट मधात बुडवून हिरड्यांवर चोळायला लागली. गुंडीचे दात बोटात रुतले. रक्त मधात मिसळलं. ती चोळत राहिली. "खा ग बाई," ती म्हणत होती, "खा ग." भिंतीवरून जैतुनबी डोकावली, काही न विचारता आत गेली आणि कागदात अंडं घेऊन आली. ह्या वेळी ते भिंतीवर ठेवायला कुणाला सुचलं नाही. ती मागच्या दारानं सरळ पडवीत आली.

सिद्धम्मा दारात उभी होती, एक हात चौकटीवर. "ताट बाटलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चमचा आणू का?"

अर्ध्या तासानं गुंडीचे पाय सैल पडले. ती श्वास घेत होती.

स्वामी एक वाजता आले. दुसरा स्वयंपाक करायला पाणी नव्हतं. शेजारी मागावं तर सगळीकडं तीच गत. स्वामींनी दोन केळी खाल्ली आणि पाट सोडला. जाताना पडवीतल्या टोपलीकडं बघून त्यांनी विचारलं, "काय झालंय हिला?"

"शुगर उतरली," नीलाबाई म्हणाली. "उपाशी होती."

"कशामुळं?"

नीलाबाईनं टोपलीवरचं लुगडं सारखं केलं. स्वामी जीपमध्ये जाऊन बसले.

दुपारनंतर डॉक्टरणीशी फोनवर बोलणं झालं. मांजर जगेल, पण मेंदूला इजा झाली असेल. नजर परत येईल किंवा येणार नाही. संध्याकाळी गुंडी टोपलीतून उतरली, सरळ चालत गेली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. मग बाजूला वळून पुन्हा आपटली.

वीरण्णा दिवे लागायच्या वेळेला आला, घसा बसलेला, सदऱ्यावर रस्त्याची धूळ. त्याला सगळं आधीच कळलं होतं. "माझ्या घरातून स्वामी उपाशी गेले," तो म्हणाला. "बापाच्या काळापासून असं झालं न्हाई. तिकडं मी माणसं घेऊन रस्त्यावर बसतो, आन् इकडं माझ्याच घरात..." तो टोपलीकडं बघून थांबला. "अक्का, तुझ्यावर माझा राग न्हाई. पण ते मांजर उद्या दुकानात नेऊन सोडतो. आता त्याला दिसत बी न्हाई म्हणतेत. किती हाल करायचे त्याचे?"

"मी म्हणलं होतं, चमचाभर घालू का म्हणून," सिद्धम्मा म्हणाली.

"न्हाई. मी म्हणलं होतं," नीलाबाई म्हणाली. "तू न्हाई म्हणालीस. आन् मी ऐकलं. तुझी चूक न्हाई. तुला तसं मीच शिकवलं."

सिद्धम्मानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

साडेसात झाले होते. नीलाबाईनं जैतुनबीकडून आणलेलं अंडं बशीत घेऊन गुंडीच्या नाकाशी नेलं. गुंडीनं वास घेतला, शोधत शोधत जीभ लावली, थोडं खाल्लं, थोडं फरशीवर सांडलं. नीलाबाई बशी रिकामी होईपर्यंत बसून राहिली. डॉक्टरणीनं आजच्या रात्रीची सुई देऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हा सुईचं पाकीट तिनं उघडलं नाही. हात पुसून ती उठली आणि दोघांकडं बघून म्हणाली,

"स्वामींचा स्वयंपाक इथून पुढं माझ्याकडं न्हाई. चूल सिद्धम्माची. मी उद्यापासून धान्याच्या खोलीत राहते, मांजर माझ्यापाशी राहील, आन् माझं जेवण मी तिथंच करून घेते."