मॅडमची पट्टी

दुबईत, देऱ्यातल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये मी ज्यांच्यासाठी कीबोर्ड वाजवतो, त्या बाईंनी एके काळी अख्खा युरोप नाचवलाय, असं सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसा लेको. पहिल्यांदा मीही हसलोच होतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. दुबईला यायच्या आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. त्या काळात आमच्याकडे अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस लागल्या, की कर्ण्यावर एक इंग्रजी गाणं हमखास वाजायचं. धाडधाड ठेका आणि वर एका पोरीचा टिपेचा आवाज. शब्द कुणाच्या बापाला कळत नव्हते, पण बॅट्समन मैदानात उतरायचा तो त्याच गाण्यावर. पुढे इथे लाउंजमध्ये नव्या सिंगर मॅडम आल्या, पन्नाशी उलटलेल्या, उंच, हॉलंडच्या. ब्रेकमध्ये वायर गुंडाळताना त्या तेच गाणं गुणगुणत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हे आमच्या गावातपण वाजायचं." त्या म्हणाल्या, "ते माझंच आहे." मनात म्हटलं, फेकतेय बाई. घरी येऊन लेकीला सांगितलं, तिने फोनवर शोधलं आणि ओरडलीच, "अब्बा, इट्स रिअली हर!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ घरी जेवायलाच बोलावलं. आमचं घर अल मनखूलला. माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही आणि मॅडमना हिंदी जेमतेम, पण सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी मध्ये असली की भाषा लागते कुठे? बायको त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायला लागली. आपा दर शुक्रवारी यायला लागल्या आणि त्यांची सगळी कहाणी आमच्या जेवणाच्या टेबलावर हळूहळू उलगडली.

बंदराच्या गावातली मुलगी. वडील गोदीत कामाला, ही एका बेकरीच्या काउंटरवर. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी राहायची, तीही खालच्या सुरात गाणाऱ्यांच्या. एकोणीस वर्षांची असताना एका संगीतकाराने तिला स्टुडिओत बोलावलं. एका दुपारी गाणं रेकॉर्ड झालं आणि ही बस पकडून घरी गेली. काही आठवड्यांनी बेकरीतल्या रेडिओवर तेच गाणं लागलं, आणि हिला आपला आवाजच ओळखू येईना. झालं असं होतं, की क्लबमध्ये नाचायला गाणं संथ वाटतंय म्हणून त्या पठ्ठ्याने टेपचा वेगच वाढवला होता. वेग वाढला तसा आवाजही वर चढला. मॅडमचा भरदार आवाज जाऊन तिथे कुणीतरी चिवचिवणारी पोर आली होती.

गाणं तुफान चाललं. देशोदेशी दौरे, विमानं, चकचकीत कपडे. पण प्रत्येक स्टेजवर तीच टेप लावायची आणि हिने नुसते ओठ हलवायचे. का, तर त्या सुरात प्रत्यक्ष गाणं तिला शक्यच नव्हतं. तिलाच काय, कुणालाच नव्हतं. पुढची दोन गाणी पडली, कंपनीने दुसरी मुलगी आणली, खलास. मग लग्न झालं. नवरा समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीत, त्याच्याबरोबर दुबई. नवरा परत गेला, लग्न मोडलं, मॅडम इथेच राहिल्या आणि लाउंजमध्ये दुसऱ्यांची गाणी गायला लागल्या.

हे सगळं सांगून झाल्यावर एकदा त्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या, "एवढ्या लोकांनी माझं गाणं ऐकलं. पण मी ते लोकांसमोर एकदाही गायलेली नाही." मी बायकोला मराठीत सांगितलं. तिने आपांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

गेल्या हिवाळ्यात अबुधाबीहून फोन आला. समुद्रकिनाऱ्याच्या मोकळ्या मैदानावर जुन्या डान्स गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता, त्यात मॅडम हव्या होत्या. एकच गाणं, तेच. आयोजक म्हणाला, टेप आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त छान दिसा. मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "मी गाणार आहे. टेपशिवाय. तू वाजवशील?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

पण तालमीत आमची खडाजंगी व्हायला लागली. हॉटेलच्या मागच्या स्टोअररूममध्ये, रचलेल्या खुर्च्यांच्या मधोमध आम्ही बसायचो. मॅडमचा हट्ट असा, की रेकॉर्डवर आहे त्याच सुरात गायचं. म्हणजे काळी चार. आम्ही लोक पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून सुरांना नावं देतो, त्यातली ही चौथी काळी. धृपदाला आलं की मॅडमचा आवाज चिरायचा. परत. परत चिरायचा. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तटतटलेल्या. मी म्हटलं, जरा खाली घेऊ. तर म्हणाल्या, "लोकांना ती मुलगी ऐकायची आहे, मी नाही." असं चार-पाच दिवस चाललं आणि एका दुपारी माझं टाळकं सरकलं.

मी कीबोर्ड बंदच केला. म्हटलं, "मॅडम, बस झालं! आमच्याकडे पेटीवाला बसला की गाणाऱ्याला पहिलं काय विचारतो माहितीये? पट्टी कोणती? गाणारा मोठा असो, लहान असो, शाळेच्या गॅदरिंगमधली शेंबडी पोर असो. तो सांगेल तिथे पेटी जाणार. पट्टी गाणाऱ्याची असते, टेपची नसते! आता सांगा, तुमची पट्टी कोणती?"

मला वाटलं, आता ह्या चिडणार. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला हे कधी कुणी विचारलंच नाही."

बाप रे! आयुष्यभर गाण्यावर पोट भरलेली बाई आणि तिला तिची पट्टी कुणी विचारलेली नाही. मला त्या स्टुडिओतल्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू, समोर असता तर माईकचा स्टँडच घातला असता डोक्यात. मी कीबोर्ड चालू केला आणि म्हटलं, यल्ला, शोधू या. एकेक पट्टी खाली येत गेलो. काळी तीनवर आलो तेव्हा त्या थबकल्या. म्हणाल्या, मूळ रेकॉर्डिंग हेच होतं, वेग वाढवायच्या आधीचं. पण आता वयाने आवाज आणखी खाली आला होता. पांढरी तीनवर पोचलो आणि मॅडम अशा काही गायल्या, की अल्ला शपथ, मी वाजवायचं विसरलो. तेच शब्द, तीच चाल, पण आता त्यात एक बाई होती. जगलेली, हसलेली, रडलेली. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, अगं, आज आपा सापडल्या.

मग मी लॅपटॉपवर सगळा ठेका त्या पट्टीत नव्याने बसवला. वेगही थोडा कमी केला, अगदी थोडा, नाच मोडायला नको. आता फक्त आयोजकाचं मन वळवायचं होतं. आणि तिथेच घोडं अडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मैदानावर साउंड चेक होता. आयोजक तरुण होता, वाईट नव्हता, पण घाबरट. मॅडमच्या दोन ओळी ऐकल्या आणि त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "हे ते गाणं वाटतच नाही. लोकांना वाटेल तोतया बाई आणलीये." मी काही बोलणार तेवढ्यात मॅडमनीच माझा हात दाबला. शेवटी त्याने तोड काढली. मॅडमनी गायला सुरुवात करावी. पहिलं कडवं होईपर्यंत लोक थंड राहिले, तर साउंडवाला मॅडमचा माईक बंद करणार आणि जुनी टेप सोडणार. मग मॅडमनी ओठ हलवायचे, नेहमीसारखे.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या जन्माची हौस, आणि ती एका कडव्यावर!

मगरिबच्या, म्हणजे सांजेच्या अजानसाठी कार्यक्रम थांबला. अजान संपली, दिवे लागले आणि त्यानंतरचं पहिलं नाव मॅडमचं पुकारलं. समोर माणसांचा नुसता समुद्र. फिलिपिनो नर्सेस, लेबनीज पोरं, मल्याळी कुटुंबं, आपले पुणेकर, पोराला खांद्यावर घेतलेले बाप. बायको आणि लेक डाव्या बाजूला कठड्याला चिकटून उभ्या. ठेका सुरू झाला तसा लोकांनी जल्लोष केला, ओळखीचा ठेका तो. आणि मग मॅडमनी पहिली ओळ गायली.

जल्लोष थांबला.

थांबला म्हणजे एकदम थांबला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी मान वळवली तर साउंडवाल्याचा हात बटणांवर गेलेला आणि आयोजक त्याच्या कानाशी लागलेला. मॅडमनी कुणाकडे पाहिलं नाही. डोळे मिटून, पाय रोवून दुसरी ओळ गायली, तिसरी गायली. घशातून नाही, पोटातून. कडवं संपलं आणि धृपद आलं.

आणि लोक गायला लागले.

आधी मला कळेचना आवाज कुठून येतोय. मग लक्षात आलं, सगळं मैदान गातंय. इतकी वर्षं लोकांनी ह्या गाण्यावर नुसत्या उड्या मारल्या होत्या, कारण तो सूर कुणाच्या गळ्याला पोचतच नव्हता. आता गाणं त्यांच्या गळ्यात आलं होतं. ते खांद्यावर पोर घेतलेले बाप गात होते, नर्सेस गळ्यात गळे घालून गात होत्या. माझी बायको, जिला ए बी सी डी धड येत नाही, ती नुसत्या आ-ऊ वर सगळी चाल म्हणत होती आणि डोळे पुसत होती. साउंडवाल्याने बटणांवरून हात काढला आणि टाळ्या वाजवायला लागला. मी तर काय, रडत होतो, हसत होतो आणि वाजवत होतो, तिन्ही एकदम. जिंकली माझी बाई, जिंकली!

गाणं संपलं तरी लोक थांबेनात. आयोजक धावत स्टेजच्या कडेला आला आणि दोन्ही हातांनी खुणा करायला लागला, परत, परत! मॅडमनी माझ्याकडे वळून बघितलं आणि तेव्हा त्यांचं मागे लक्ष गेलं. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्या गाण्याची जुनी फिल्म चालू होती. चंदेरी फ्रॉकमधली एकोणीस वर्षांची पोर, टेपच्या वेगाने भराभर ओठ हलवतेय. मॅडम तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग माईकवर म्हणाल्या, "त्या मुलीला आता घरी जाऊ द्या. ती खूप दमली आहे. आणि खरं सांगू का, ती गात नाहीये."

मैदानभर हशा आणि टाळ्या. कुणीतरी पडदा बंद केला. मॅडमनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, केस मागे सारले आणि मला मान डोलावून खूण केली. मी ठेका सोडला. ह्या वेळी पहिल्या ओळीपासूनच लोक त्यांच्याबरोबर होते.