हातावरचं मीठ

जवळच्या राई गावाहून एक मीठवाली आमच्या भाईंदरच्या बिल्डिंगमध्ये यायची. मीठ कधी कुणाच्या हातात द्यायची नाही. "भांडन व्हतं," म्हणायची आणि ताटली पुढे करायला लावायची.

माझ्या मुलीच्या अंगात जन्मापासून मीठ टिकत नव्हतं, किडनीतून वाहून जायचं. डॉक्टर म्हणायचे, मागेल तेवढं द्या. शेजारणी मात्र किडनीचा आजार म्हणून तिला मायेने अळणी खायला घालायच्या. मीठवाली काही न विचारता तिच्यासाठी स्वच्छ खडे निवडून आणायची.

एकदा उलट्यांनी अंगातलं उरलंसुरलं मीठही गेलं आणि मुलगी मरता मरता वाचली. हॉस्पिटलमधून आली तेव्हा तिला ताटलीही धरवेना. मीठवालीने तिचा हात हातात घेतला आणि खडा सरळ तळव्यावर ठेवला.

"आणि भांडण झालं तर?" मुलीने विचारलं.

"मोठी हो, मंग ये भांडाया."

आता मुलगी मोठी झालीय, बिल्डिंगमध्ये सगळ्यांशी भांडते. मी एकदाही अडवत नाही.