कपाट सात, खण तीन

दळवीबाईंनी मला कार्ड लिहायला शिकवलं. हे आधी सांगते, कारण पुढे सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

माझ्या पहिल्या कार्डाचे तुकडे त्यांच्यासमोरच झाले. ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी ते मी नुकत्याच पुसलेल्या लादीवर टाकले. म्हणाले, "उचल. तुझंच काम आहे ते."

उचलले.

टेंभी नाक्याजवळच्या त्या ग्रंथालयात मी झाडू-पोछा करायचे. माहेर परभणीकडे. शाळा सातवीत सुटली, लग्न होऊन ठाण्यात आलेले. दळवीबाई तिथल्या क्लार्क, त्याही टेम्पररी. शेवटच्या कपाटावर चिठ्ठी होती, 'संकीर्ण'. मी वाचलं संकीर्तन. भजनाची सगळी पुस्तकं नेऊन तिथं लावली. तेव्हापासून मला सगळे संकीर्तनबाई म्हणायचे. दळवीबाईपण हसल्या. पण नंतर म्हणाल्या, "अगं, ज्याचं काय करायचं ते यांना कळत नाही, ते संकीर्ण. बस, शिकवते."

पुस्तक शोधायचं ते ड्रॉवरमधल्या कार्डांवरून. कार्डं दोनच तऱ्हेची. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव. दोन्ही माहीत नसेल त्यानं घरी जायचं.

एकदा खाडीकडचे एक आजोबा आले. "मिठागरांचा पुस्तक हाय का? माझे बापाचा फोटू हाय त्यान."

"लेखक कोण?" कार्यवाहांनी विचारलं.

आजोबांना माहीत नव्हतं.

"मग नाही."

होतं. संकीर्णमध्ये. दर शनिवारी मी ते पुसायचे. पण नोकरीची भीती. पोछा मारत राहिले. दुपारी बाईंना सांगितलं. त्यांनी कोरं कार्ड पुढे सरकवलं. "मोठा शब्द नको. मागणारा बोलतो तोच वर लिही."

मी लिहिलं, मिठागर. खाली, कपाट सात, खण तीन.

पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा विचारायला आले. बाईंनी ड्रॉवर उघडून दिला. ते कार्डावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावत होते, तेवढ्यात कार्यवाह आले. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"संकीर्ण वाचता येत नाही, आणि ही आम्हाला विषय शिकवणार."

वाचणारे हसले. कार्ड फाटलं. आजोबांना कार्यवाहांनी सांगितलं, यादी तपासायचीय, नंतर या. ते जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत.

बाई म्हणाल्या, "मीच सांगितलं तिला." महिनाअखेर त्यांना काढलं.

मग माझ्यापुढे कागद आला. 'परवानगीशिवाय कार्डास हात लावणार नाही.' खाली सही. पेन हातात घेतलं. म्हटलं, "ते पुस्तक आहे की नाही, तेवढं यात लिहा. मग करते सही."

कोणी लिहिलं नाही. मी पेन खाली ठेवलं. नोकरी गेली.

आता कल्याणला बिल्डिंगांचे जिने पुसते. पुसून पुसून सातही कपाटं डोक्यात बसलीत. शंभर पानी वही केलीय. मिठागर. विहीर. बाळंतपण. शब्द, खाली कपाट, खण. मागेल त्याला दाखवते. मागत कोणी नाही. शेवटचं कपाट रद्दीत गेलं असंही कानावर आलंय. आजोबा असतील की नाही, माहीत नाही.

तरी एक ओळ खोडणार नाही. पुस्तक होतं, एवढं तरी सापडलं पाहिजे. आणि संकीर्ण हा शब्द माझ्या वहीत येणार नाही.

दळवीबाई डोंबिवलीत कुठेतरी शिकवण्या घेतात म्हणे. पत्ता नाही. वही भरली की दार न् दार विचारत जाईन, त्यांच्या हातात देईन. पहिल्या पानावर शब्द आहे, 'शिकवलं'. खाली त्यांचं नाव.