विमने हाक मारलीच नाही

हा किस्सा मीच सांगून टाकतो. नाहीतर मंजिरी सांगेल, आणि बायकोच्या तोंडून आपला मूर्खपणा ऐकताना चहासुद्धा कडू लागतो. अनुभवाचे बोल आहेत!

आम्ही राहतो नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला. घर तिसऱ्या मजल्यावर, मुलगी एक, सायकली तीन, गाडी नाही. माझं ऑफिस ट्रामच्या वाटेवर, त्यामुळे इतक्या वर्षांत मला गाडीची गरज कधी वाटली नाही. 'मला' म्हटलं हं मी. मंजिरीला वाटत होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.

मंजिरी इथे आली ती माझी बायको म्हणून. कोल्हापूरची बियाणं तपासायच्या लॅबमधली चांगली नोकरी सोडून आली. मग डच शिकली, पोर वाढवलं, अर्ज केले, नकार पचवले. आणि एकदाची नोकरी लागली! वेस्टलंडात, काचेच्या हरितगृहांच्या त्या पट्ट्यात, तेच बियाणं तपासायचं काम. फोन ठेवला आणि बाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू?

अडचण एकच. पाळी पहाटे सहाची. पहिली बस त्यानंतरची. आणि तिकडचा समोरून येणारा वारा असा, की सायकल मारणाऱ्याला आपण पुढे चाललोय की मागे हेच कळत नाही. शिवाय पहिला महिना चाचणीचा. त्या महिन्यात पटलं नाही तर कारणही न देता घरी पाठवतात.

म्हणजे गाडी हवी. भरवशाची हवी, परवडणारी हवी आणि पुढच्या सोमवारच्या आत हवी.

"मी बघते," मंजिरी म्हणाली.

"तू? अगं, जुनी गाडी घ्यायला नजर लागते!"

माझी नजर म्हणजे काय, तर आयुष्यात एक स्कूटर घेतली होती. तीही मामाची. इथलं लायसन्स मंजिरीला पहिल्या फटक्यात मिळालं, मला तिसऱ्या. पण नजर माझी!

बाजारात उतरलो तर डोळे पांढरे झाले. नव्या गाडीचा भाव ऐकून तर मी शोरूममधला फुकटचा कॉफीचा कपसुद्धा खाली ठेवला. विजेवरची घ्यावी, तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काय वायर सोडणार? जुनी डिझेल घ्यावी, तर तिला शहरांत शिरायला बंदी. उरली जुनी पेट्रोल. मंजिरीने डच जाहिराती चाळून चाळून एक शोधून काढली. मालक विम, वय सत्तरीच्या पुढे, गाव जवळचंच.

शनिवारी तिघं गेलो. गाडी धुतलेली, गॅरेज आमच्या घरापेक्षा स्वच्छ. विमने हात मिळवला आणि मी काही विचारायच्या आत सुरू झाला.

"एसी चालत नाही. मागचं डावं दार थंडीत अडकतं. पुढचे टायर वर्षभरात बदलावे लागतील. इंजिन उत्तम आहे."

आता मला सांगा, कुठला विकणारा असं बोलतो? आमचे वडील बैल घ्यायला गेले तरी सांगायचे, 'समोरचा एक खोड सांगतो म्हणजे दोन लपवतो.' याने तीन सांगितल्या! म्हणजे सहा लपवल्या. माझा हिशोब पक्का.

"बाबा, ही इज जस्ट बीइंग ऑनेस्ट," मुलगी कुजबुजली.

"तू गप. तुला व्यवहार कळत नाही."

मंजिरीने गाडी चालवून बघितली. परत आली ती चेहरा फुलवूनच. "चल, घेऊन टाकू," मला म्हणाली. मी तिला डोळ्याने दटावलं. आनंद असा दाखवायचा असतो का विकणाऱ्यासमोर? मी बॉनेटवर टकटक केलं, नाक मुरडलं, आणि जाहिरातीतल्या किमतीच्या निम्म्याला मागितली.

"किंमत जाहिरातीत लिहिली आहे," विम शांतपणे म्हणाला. "दोष धरूनच लावली आहे."

"मग विचार करतो," असं म्हणून मी निघालो.

आता हे निघणं कसं असतं, तुम्हाला माहीत आहेच. पाय पुढे, कान मागे. चार पावलं टाकली की 'अहो साहेब, या तर खरं, तुमचं काय म्हणणं आहे?' अशी हाक येतेच. आपल्याकडे याच्यावर अख्खे बाजार चालतात! मी इतका सावकाश चाललो, की मुलगी दोनदा माझ्या टाचेवर आदळली.

मागून आवाज आला. गॅरेजचं दार बंद झाल्याचा.

"तो हाक मारणार नाहीये," मंजिरी म्हणाली.

"थांब गं. मारेल."

आम्ही समोरच्या बसथांब्यावर बसलो. एक बस सोडली. दुसरी सोडली. इतक्यात विम सायकलवरून बाहेर आला. मी मंजिरीला कोपराने ढोसलं, बघ आला की नाही! विमने आम्हाला बघून हसत हात हलवला, "छान दिवस जावो!" म्हणाला आणि बाजाराची पिशवी लटकवून निघून गेला.

घरी मंजिरी म्हणाली, "त्याला फोन कर आणि घेतो म्हणून सांग."

"दोन दिवस तळमळू दे त्याला."

तळमळलं कोण ते सांगायला हवं का? बुधवारी जाहिरात गायब. फोन केला तर विम म्हणाला, "रविवारीच गेली."

"पण मी विचार करतो म्हणालो होतो!"

"हो," विम म्हणाला. "मी समजलो तू विचार करतोयस."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आमच्याकडे तर बैलही नव्हता.

सोमवार आला तोंडावर. मग मला आठवले सुहासदादा. गणपतीत आरतीला पुढे असणारे, नव्याने आलेल्यांना घरं, गाड्या, प्रेशर कुकर सगळं मिळवून देणारे. आपला माणूस! संध्याकाळी गेलो तर वहिनींनी साबुदाण्याची खिचडी पुढे केली. विकायची गाडी खाली उभीच होती.

"गाडीत काही दोष?" मंजिरीने विचारलं.

"दोष?" दादा हसले. "मंजिरीवहिनी, नाव काढू नका! तुम्हाला वाईट वस्तू देईन का मी?"

आणि बघा हं, इथे मी बॉनेट उघडलं नाही. हमरस्त्यावर नेऊन बघू म्हणालो नाही. तपासणीचा कागद मागितला नाही. आपल्या माणसापुढे बरं दिसतं का ते? घासाघीससुद्धा केली नाही! खरं बोलणाऱ्याशी निम्म्यावरून भांडलो आणि इथे खिचडी खाऊन दादांनी सांगितली ती किंमत दिली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती माझ्या घरी मुक्कामालाच आली.

सोमवारी गाडी गेली, मंगळवारी गेली. बुधवारी हरितगृहांच्या मधल्या अरुंद रस्त्यावर बंद पडली. मागे टोमॅटोचे ट्रक, पुढे कालवा, आणि मधे माझी बायको. ती उशिरा पोचली. दादांना फोन केला.

"अरे, जुनी गाडी म्हटल्यावर एवढं तेवढं चालायचंच!"

दुरुस्त केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. नंतर पुन्हा. शेवटी तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला आत बोलावलं आणि इथल्या पद्धतीने सरळ सांगितलं, "तुझं काम चांगलं आहे. पण काम सहाला सुरू होतं."

महिना संपायच्या आत नोकरी संपली.

त्या दिवशी मी घरी सुहासदादांच्या नावाने जी काही लाखोली वाहिली! चोर, लबाड, आरत्या म्हणणारा भामटा! मंजिरी ऐकत भाजी निवडत होती.

"त्यांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तुला ज्याने खरं सांगितलं त्याच्याकडून तू घेतली नाहीस. यांनी तुला हवं ते सांगितलं."

मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी बाईच्या हाताला तिचं काम लागलं होतं, आणि मी ते बसथांब्यावर बसून घालवलं.

हल्ली ती पुन्हा अर्ज करते. परवा मला एक उत्तम जागा दिसली. काम तिच्याच विषयाचं, पगार आधीपेक्षा बरा. मी धावत जाऊन दाखवली. तिने पगार बघितला नाही, काम बघितलं नाही. आधी नकाशा उघडला.

"काय बघतेस?"

"स्टेशनपासून किती लांब आहे ते."

"अगं, लांब असलं तर काय झालं? या वेळी आपण नीट बघून…"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो! रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"पगार कमी असला तरी चालेल मला," ती म्हणाली. "फक्त तिथे पोचायला तुझी मदत लागायला नको."