उपवासकाळातली सुकेळी

आजोबा फिरून आले की आजी आधी त्यांच्या मिशा हुंगायची, मग हनुवटी धरून माझं तोंड. माझ्या तोंडाला सुकेळ्यांचा वास यायचा, मिशांना यायचा नाही, आणि नेमकं हेच तिला खटकायचं.

"स्वतः न खाता पोरीला रोज चारतात? हा माणूस? कुठेतरी पाणी मुरतंय."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सात वर्षांची. माझ्या आत्याचं बाळ दोनदा पोटातच गेलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, तसे आजोबा भुईगावच्या चर्चमध्ये नवस बोलले: ईस्टरपर्यंत गोड वर्ज्य. चहासुद्धा बिनसाखरेचा. नवस मोडला तर भोगेल आत्या, असं आजीचं पक्कं मत. म्हणून संध्याकाळच्या फेरीवर तिने मला गुप्तहेर नेमलं होतं.

संशय मलाही होताच. नाक्यावरच्या दुकानात आजोबा सुकेळी घेत. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली, मधासारखी चिकट. वाटेत मात्र एकही देत नसत. समुद्राकाठच्या सुरूच्या बनात पोचलो की मागे कोणी नाही ना ते बघत, मला वाळूत बसवत, एक सुकेळं हातात ठेवत आणि स्वतः डोळे मिटून घेत.

"हं. चाव. सांग."

"गोड आहे."

"ते गाढवही सांगेल! दाताला काय लागलं?"

मग मी रंगात यायची. वरून चिवट आहे आजोबा, आत मऊ, टाळूला चिकटलं, आता जिभेने सोडवतेय... त्यांचा कंठ वरखाली व्हायचा.

"हळू! गिळू नकोस इतक्यात!"

एका संध्याकाळी मध्येच आवाज आला, "कानाने खाताय होय?"

सुरूच्या मागून आजी निघाली. पदर खोचलेला. आजोबा ताडकन उभे राहिले.

"तोंडात कण घातला नाही, अगं. हुंगून बघ."

"जीभ दाखवा."

आजोबांनी निमूट जीभ काढली.

"आणि ही लाळ कशाची?"

आजोबांनी घाईने तोंड पुसलं. आजी मटकन वाळूत बसली. "पोर माझी उशीवर पाय ठेवून महिनाभर पडून आहे, हो," एवढंच म्हणाली. तिचा आवाज असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता. आजोबा तिच्याजवळ टेकले.

"फादरना विचारू या?"

"ते काय सांगणार? तेही पुरुषच!"

निकाल तिनेच दिला. दुसऱ्या दिवशी डब्यात उकडलेल्या कारल्याच्या चकत्या. मीठ नाही, गूळ नाही.

"ही खाईल. तुम्ही ऐका. गोड ऐकलंत ते सगळं फिटलं पाहिजे."

नवस कोणाचा आणि कारलं कोणाला! पण आत्याचा प्रश्न होता. मी चावलं, थरथरले, डोळे फिरवले, कडू घशातून पोटात कसं उतरतंय ते ढेकरासकट सांगितलं. आजोबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. आजी शेजारी बसून त्यांच्या कानांवर लक्ष ठेवून होती. ईस्टरपर्यंत रोज हेच.

ईस्टरनंतर काही महिन्यांनी आत्याला मुलगी झाली, ठणठणीत. कारल्याचा गुण, आजी म्हणाली. आजोबा चक्क गप्प राहिले, आणि मग तिला त्या गप्प राहण्याचाच संशय आला.